हंड्याखाली आरसा हवा

चहा गरम आहे तोवर ऐकून घ्या. माझी जी काही शोभा झाली ती वस्तीतल्या शेंबड्या पोरालासुद्धा माहीत आहे, तुम्हीच तेवढे बाकी आहात. उद्या दुसरं कुणीतरी तिखटमीठ लावून सांगणार, त्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका. तिखटमीठ काय, ते मीही लावतेच.

आधी एक गोष्ट सांगून टाकते. मी जळते. आमचे हे म्हणतात, "सुमन, तुला गॅस सिलिंडर कशाला लागतो?" पण सगळ्यांवर जळत नाही हं मी. मी फक्त विमलवर जळते.

विमल म्हणजे आमची शेजारीण. एकाच वर्षी आम्ही दोघी सुना म्हणून या वस्तीत आलो, भिंतीला भिंत लागून. तिच्या दारात नळ आधी आला. तिच्याकडे टीव्ही आधी आला. तिचे केस अजून काळे आहेत आणि ती शपथेवर सांगते की काही लावत नाही. मी सगळी नोकरी टेलिफोन खात्यात काढली, अख्ख्या पुण्याची लाइन जोडून दिली, पण माझी आणि विमलची लाइन कधी सरळ लागली नाही. आणि हे घराण्यातच आहे. तिच्या सासूबाई गुणाबाई आणि माझ्या सासूबाई ठकूबाई, त्या दोघींचंही जन्मात पटलं नाही. एकमेकींच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही कधी. आम्ही निदान एकमेकींकडे चहा तरी पितो.

तर झालं काय, आमच्या विहाराच्या मागे दोन खोल्या आहेत. तिथे सतरंज्या, कर्णे आणि जयंतीच्या मिरवणुकीचं सामान पडलेलं असायचं. संघमित्रा नावाची मुलगी, मुलगी कसली, तिशीची बाई आहे, पण आता मला सगळ्या मुलीच वाटतात, ती संग्रहालयाचं रीतसर शिक्षण घेऊन आली. राहते येरवड्याला, पण आजोळ आमच्या वस्तीतलं. तिने बैठकीत सगळ्यांना विचारलं, "शहरातली मोठी संग्रहालयं बघितलीत? तिथे सरदारांच्या तलवारी आहेत, त्यांच्या बायकांचे अडकित्ते आहेत, हुक्क्याची नळीसुद्धा आहे. तुमच्या आजीचं काय आहे तिथे?"

काहीच नव्हतं. आमच्या माणसांनी या शहराचे रस्ते झाडले, पुलांचे दगड वाहिले, कारखान्यांत हाडं झिजवली, आणि शहराच्या कपाटात आमचा एक चमचासुद्धा नाही. ते ऐकून मलाही आत लागलं, खोटं कशाला बोलू?

"मग आपलं आपण मांडू," संघमित्रा म्हणाली. आणि मांडलं की हो. लोकांनी दळायची जाती दिली, कंदील दिले, पलटणीतल्या आजोबांचे बिल्ले दिले, दीक्षेच्या दिवशी नेसलेलं पांढरं लुगडं दिलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कार्यक्रम ठरला. एकदा जुन्या फोटोंतली माणसं ओळखायची, एकदा जात्यावरच्या ओव्या म्हणायच्या, एकदा जलशातली गाणी. आणि मग सुरू झाली 'वस्तूची गोष्ट'. ज्याने वस्तू दिली त्याने माइकसमोर उभं राहून तिची गोष्ट सांगायची.

पहिली गोष्ट कुणाची असणार? विमलचीच.

तिचे सासरे जलशात डफ वाजवायचे. तो डफ तिने दिला. मधोमध काचेची पेटी, वरून पिवळा दिवा, आणि आतल्या बाजूला सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने एक कमळ रंगवलेलं होतं, ते दिसावं म्हणून खाली तिरका आरसा. लोक वाकून वाकून आरशात बघत होते. विमल पांढरी साडी नेसून गोष्ट सांगत होती, बायका डोळे पुसत होत्या. पेपरचा माणूस आला होता. त्याने विमलचा फोटो काढला, डफासकट, आरशासकट.

मीही टाळ्या वाजवल्या. तळहात लाल होईपर्यंत वाजवल्या. आणि घरी येऊन भाजी करपवली.

"आपल्याकडे काय आहे हो?" मी ह्यांना विचारलं.

"कशातलं?"

"संग्रहालयात ठेवण्यासारखं. जुनं, घरात नुसतं पडून असलेलं."

ह्यांनी पेपरातून मान वर केली नाही. म्हणाले, "मी आहे."

आता इथे तुम्हाला विमलच्या हंड्याचं सांगायला हवं. पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं आणि मुठेचं पाणी शहरात शिरलं, ते तुम्ही ऐकलं असेलच. आमची वस्ती तर नदीत पाय सोडूनच बसलेली. माणसं वाचली, घरं गेली. त्या पुरात गुणाबाईंचा तांब्याचा हंडा वाहून गेला. बांधकामावर विटा वाहून स्वतःच्या कमाईतून घेतलेला हंडा. नवऱ्याने दिलेला नाही, बापाने दिलेला नाही. पूर आला तेव्हा विमल या घरात नव्हतीच, कुठल्यातरी गावच्या शाळेत पाटी पुसत असेल. पण सासूने सुनेला दागिना द्यावा तशी ती हंड्याची गोष्ट दिली. गुणाबाई शेवटपर्यंत "माझा हंडा, माझा हंडा" करत गेल्या आणि मग विमलने सुरू केलं.

ती गोष्ट ऐकून ऐकून माझे कान किटले होते. शिवाय हंडा दरवर्षी वाढत होता. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यात दोन कळशा पाणी मावायचं. मला नात झाली तोवर त्यात म्हैस उभी राहिली असती. एकदा बचत गटाच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर म्हटलं, "विमल, तो हंडा होता की पाण्याची टाकी? आणि मुळात होता तरी का?"

सगळ्या हसल्या. विमल हसली नाही. मला तेव्हा त्याचं बरंच वाटलं होतं.

तिची आणखी एक सवय होती, ती माझ्या डोक्यात जायची. कुणाच्याही घरी जाऊ दे, लग्नात जाऊ दे, मोठं भांडं रिकामं दिसलं की विमल ते कलतं करून बूड बघणार. माझी खात्री होती की ही आपली भांडी नीट घासली आहेत का ते तपासते. एवढा तोरा!

असो. संघमित्राने पुढचं प्रदर्शन जाहीर केलं. विषय पाणी. आपल्या आज्या पाणी कुठून आणायच्या, कुठल्या विहिरींवर त्यांना चढू दिलं जात नव्हतं, वस्तीत पहिला नळ आला तेव्हा लोकांनी त्याला हार कसा घातला, असं सगळं. "मधल्या पेटीच्या जागी एखादी मोठी वस्तू हवी," ती म्हणाली. "डफ भिंतीकडे सरकवू."

विषय मोठा होता, मला कळतं. पण मी त्यातलं फक्त शेवटचं वाक्य ऐकलं. डफ सरकणार होता.

विमल उसासा टाकून म्हणाली, "आमच्या सासूबाईंचा हंडा असता तर आज…"

"तर छप्पर काढावं लागलं असतं," मी म्हटलं, आणि तशीच घरी आले. कारण माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. हंडा तर आमच्याकडेही होता.

आमचा हंडा जन्मभर न्हाणीत चुलाणावर बसलेला. खाली जाळ, आत पाणी. मी सून म्हणून आले तेव्हापासून तो तिथेच. गीझर आला तेव्हा तो माळ्यावर गेला, आणि मी त्यात गोधड्या कोंबल्या. बाहेरून काळा ठिक्कर. पण तांब्याचा आणि चांगला दांडगा. मी ह्यांना स्टुलावर चढवलं.

"अगं, हा हंडा संग्रहालयात द्यायचा?" हे वरून म्हणाले. "याचं काय आहे ना, आई म्हणायची…"

"आई काय म्हणायची ते नंतर. आधी नीट धरा, डोक्यात घालाल माझ्या."

हंडा खाली आला. आता त्याला गोष्ट हवी. सासूबाईंचं माहेर सासवडकडचं. लग्नात माहेरून काहीतरी मिळालंच असणार ना? मग हंडाच का नसेल? मला हे इतकं पटलं की संध्याकाळपर्यंत मला ते लग्न डोळ्यांसमोर दिसायला लागलं.

संघमित्रा हंडा बघायला आली आणि हरखून गेली. "काकू, केवढी सुंदर वस्तू आहे ही!"

"डफापेक्षा?"

ती हसली. मी नाही हसले. मी तिला लग्नाची गोष्ट सांगितली आणि मग कामाचं बोलायला घेतलं. "दिवा पिवळाच हवा. माझं नाव विमलच्या नावाएवढ्या अक्षरात हवं. आणि खाली आरसा."

"आरसा कशाला काकू? डफाच्या आत चित्र होतं म्हणून आरसा लावला. हंड्याच्या बुडाला बोटभर काजळी आहे."

"मग काजळी काढा."

"काढता येईल, तांबट आळीत एक काका आहेत, अलगद काढतात. पण खाली बघायचं काय?"

"बूड बघायचं. विमलला आरसा आणि मला नाही, हा कुठला न्याय?"

बिचारी संघमित्रा. शहरात तिने मोठमोठ्या लोकांसमोर भाषणं केली आहेत, पण माझ्यापुढे तिचं काही चाललं नाही. हंडा टेम्पोत घालून तांबट आळीला गेला. जाताना तिने बजावलं, "काकू, तुम्ही चिंच वगैरे लावू नका हं." मी लावली असती तर पुढचं सगळं टळलं असतं. पण तेवढं नशीब कुठलं?

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मी मंडईत शेवंती घेत होते, तेव्हा संघमित्राचा फोन आला. इतकी आनंदात होती पोरगी.

"काकू, काजळी निघाली. आणि बुडाला नाव निघालंय, ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं!"

मी हातातली शेवंती परत टोपलीत टाकली. नाव! विमलच्या डफावर होतं का नाव? कमळ होतं नुसतं.

"फक्त एक आहे काकू. तुम्ही सासूबाईंचं नाव ठकूबाई सांगितलं होतं ना? इथे वेगळंच…"

"अगं माहेरचं असेल," मी म्हटलं. "लग्नात नाव बदलायचे की त्या काळी. हंडा माहेरचा, नाव माहेरचं."

"हो का? मग मी तसं लिहिते. वाचून दाखवू का तुम्हाला?"

"इथे काही ऐकू येत नाही, हा मेथीवाला कानाशी ओरडतोय. तू एवढं सांग, आरशात दिसतं का ते नाव?"

"दिसतं, पण उलटं दिसतं."

"मग त्याचा मोठा फोटो कर आणि मागच्या भिंतीवर सुलटा लाव. शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही वाचता आला पाहिजे."

"केवढा मोठा करू?"

"विमलच्या सासऱ्यांचा फोटो लावलाय ना, त्याच्यापेक्षा मोठा."

बघा म्हणजे. टेलिफोन खात्यातली बाई मी. समोरच्याचं नीट ऐकून घ्या, मग बोला, हे शहराला शिकवण्यात माझी हयात गेली.

घरी आल्यावर ह्यांना म्हटलं, "हंड्यावर आईंचं नाव निघालं."

"आईचं?" हे चष्मा काढून बघायला लागले. "असं कसं होईल? अगं, तो हंडा पुराच्या वेळी…"

"पुराच्या वेळी! बरी आठवण केलीत. भाषणात पूरही घालते." आणि मी वही न घेता, आरशासमोर उभी राहून भाषणाची तालीम सुरू केली. हे पुन्हा पेपरात गेले.

रविवार उजाडला. मी पांढरी साडी नेसले, विमलपेक्षा पांढरी. हॉल गच्च भरला होता. विमल पहिल्या रांगेत, तिच्या शेजारी आमचे हे. पेपरचा माणूसही आला होता, त्याला मी दारातच नमस्कार करून ठेवला. मधोमध चौथऱ्यावर हंडा, त्याच्यावर कापड. मागच्या भिंतीवर मोठी चौकट, तिच्यावरही कापड. मी माइकसमोर उभी राहिले, लोकांकडे तोंड, भिंतीकडे पाठ. संघमित्राने दोन्ही कापडं ओढली आणि टाळ्या पडल्या. हंडा असा झळकत होता की माझाच मला हेवा वाटला.

मी सुरुवात केली. सासूबाईंचं लग्न सांगितलं. बैलगाडीत ठेवलेला हंडा सांगितला. मग पूर घेतला. "पाणी उंबऱ्याला लागलं," मी म्हटलं, "तशी आमच्या सासूबाईंनी पोटच्या पोराला या हंड्यात बसवलं, हंडा डोक्यावर घेतला, आणि त्या कमरेएवढ्या पाण्यातून निघाल्या!"

ते पोर पहिल्या रांगेत बसलं होतं, टक्कल पडलेलं, आणि माझ्याकडे अशा नजरेने बघत होतं की जणू पहिल्यांदाच बघतंय. मागून कुणीतरी म्हणालं, "दत्ता तेव्हा दुसरीत होता की."

"लहान चणीचे होते," मी म्हटलं आणि पुढे गेले.

पण लोकांचं काहीतरी बदललं होतं. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. सगळ्यांची नजर माझ्या डोक्यावरून मागे. म्हाताऱ्या बायका ओठ हलवत होत्या, एकमेकींना कोपर मारत होत्या. एकीने तोंडावर पदर घेतला. मला वाटलं, भाषण भिडलं! विमलच्या वेळी एवढं कुठे झालं होतं? मी आवाज आणखी चढवला. हे हात वर करून म्हणाले, "सुमन…" मी माइकवरूनच म्हटलं, "थांबा हो जरा, आता तुम्ही बुडणार आहात."

तेवढ्यात विमल उठली. माझ्याकडे न बघता चौथऱ्यापाशी गेली, गुडघे दुखतात तरी खाली बसली, आरशात बघितलं. मग तिने हात हंड्याखाली घातला आणि आंधळ्या माणसासारखं बोटांनी बूड चाचपलं.

"सुमन," ती म्हणाली, "मागे वळून बघ."

मी वळले. भिंतीवर, माझ्या डोक्याएवढं एकेक अक्षर, मीच सांगितलेल्या मापाचं: गुणाबाई.

तुम्ही म्हणाल, इथे तरी गप्प बसायचं. पण माइक समोर असला की माझं तोंड बंद होत नाही. मी म्हणाले, आणि सगळ्या वस्तीने ऐकलं, "आमच्या सासूबाईंचं माहेरचं नाव गुणाबाई असेल."

"आणि माझ्या सासूबाईंचं सासरचं," विमल खाली बसूनच म्हणाली. "छान झालं. एका हंड्यात दोन सासवा."

त्यानंतर जो हशा झाला, तो तुम्हाला मी सांगणार नाही. पेपरचा माणूससुद्धा कॅमेरा खाली ठेवून हसत होता.

शेवटी हे उठले. त्यांनी माझ्या हातातून माइक घेतला, हेही आयुष्यात पहिल्यांदाच. म्हणाले, "आई सांगायची, पूर ओसरल्यावर गाळातून निघालेली भांडी शाळेच्या पटांगणात ढीग करून ठेवली होती. ज्याने त्याने आपापली ओळखून नेली. गुणाबाई तेव्हा पोरांना घेऊन भावाच्या गावी गेल्या होत्या, पुष्कळ दिवस आल्या नाहीत. जी उरली ती, ज्यांचं सगळं गेलं होतं त्यांना वाटून टाकली. हा हंडा आमच्याकडे आला. कुणाचा ते आम्हाला माहीत नव्हतं. बुडावर गाळ होता, नंतर काजळी बसली. आणि साफ असतं तरी काय, आईला वाचता येत नव्हतं."

"माझ्या सासूबाईंना तरी कुठे येत होतं?" विमल म्हणाली. "गळ्यावरचं नाव लोक घासून काढतात, म्हणून त्यांनी बुडाला घालून घेतलं. वाचता यायचं नाही, पण बोट फिरवून ओळखायच्या. मला सांगून गेल्या, कुठे मोठा हंडा दिसला की बूड बघत जा."

आता कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "म्हणून तू सगळ्यांची भांडी उलटी करून बघायचीस? मला वाटायचं, घासलीत की नाही ते बघतेस."

"तेही बघते. तुझी नसतात."

जगातली भांडी हिने उलटी केली आणि भिंतीपलीकडचा एक हंडा राहिला, कारण तो कायम पाण्याने भरलेला आणि खाली जाळ, आणि नंतर माळ्यावर गोधड्यांनी भरलेला. दोन्ही सासवा एकमेकींच्या न्हाणीत एकदा जरी डोकावल्या असत्या तरी गुणाबाईंना आपला हंडा आकारावरून ओळखू आला असता. पण त्यांचं पटत नव्हतं ना! आणि दोघींच्या मागे जी शिकलेली सून होती, जिला वाचता येत होतं, ती त्या हंड्याच्या पाण्याने रोज आंघोळ करून शेजारणीला विचारत होती, तुझा हंडा मुळात होता तरी का?

मला लाज वाटली. अगदी खरी. बचत गटाच्या बैठकीत न हसलेली विमल मला आठवली. मी तिच्याजवळ जाऊन बसले. ती हंड्यावरून हात फिरवत होती आणि रडत होती, आवाज न करता. "होता गं," एवढंच म्हणाली. "खरंच होता."

"होता," मी म्हटलं. "आणि तू सांगायचीस तेवढाच मोठा होता."

आता स्वभावाला औषध नाही म्हणून सांगते. त्याच क्षणी पेपरच्या माणसाने फोटो काढला, आणि माझ्या मनात आलं, रडतानासुद्धा ही किती चांगली दिसते! दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला. विमल, हंडा, आणि कडेला माझं कोपर.

घरी आल्यावर ह्यांच्यावर खेकसले, "हे सगळं मला आधी नाही सांगता आलं?"

"स्टुलावर उभा असताना सुरुवात केली होती," हे म्हणाले. "कालही केली होती. आज तर हात वर केला. तू म्हणालीस, थांबा, तुम्ही बुडणार आहात."

विमलने हंडा घरी नेला नाही. म्हणाली, सासूबाईंना नाव बुडाला लपवावं लागलं, आता ते सगळ्यांना दिसू दे. संघमित्राने नवी पाटी लिहिली. गुणाबाईंनी स्वतःच्या कमाईतून घेतलेला हंडा, पुरात हरवला, शेजारच्या न्हाणीत सापडला. मी वाचली आणि हळूच विचारलं, "माझं नाव कुठे येणार नाही का?"

"घाल गं तिचं," विमल संघमित्राला म्हणाली. "बारीक अक्षरात. बुडाला."

आहे. तुम्ही गेलात तर वाका आणि आरशाच्या कडेला बघा.

पण खरी गंमत पुढेच आहे. लोकांना ही गोष्ट इतकी आवडली की आता दर पहिल्या रविवारी संघमित्रा मलाच बोलावते. शाळेची पोरं येतात, लांबलांबून माणसं येतात, आणि मी हंड्याशेजारी उभी राहून माझी फजिती पहिल्यापासून सांगते. मेथीवाल्याचा आवाजसुद्धा काढते. विमल पहिल्या रांगेत बसून मी जिथे वाढवून सांगते तिथे खोकते. आमच्या घरची एकही वस्तू त्या संग्रहालयात नाही, पण ह्यांच्या मते मी स्वतः तिथे जमा झाले आहे, त्यामुळे घरात शांतता असते.

परवा कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या आवरताना मला राहवलं नाही. म्हटलं, "विमल, राग मानू नकोस, पण तुझ्या डफाच्या गोष्टीला कधी एवढी गर्दी झाली नव्हती. माझ्या हंड्याला बघ, दारापर्यंत लोक उभे होते."

तिने खुर्ची मिटली, भिंतीला लावली आणि म्हणाली, "असणारच. हंडा माझा आहे."